मुलांना संयम कसा शिकवावा?

मातापित्यांनो, मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा झाला म्हणजे घरोघरी एकच तक्रार ऐकू येते: ‘हा आता कुणाला जुमानीत नाही.’ रागावला की दार आपटतो. मोबाईल हाती आला की खाली ठेवीत नाही. मग वडील ओरडतात, मोबाईल कपाटात जातो, आणि कपाट उघडताच पुन्हा तेच!

भोपाळ शहरी कोलार रोड नावाचा गजबजलेला भाग आहे. ज्या कोलार नदीचे नाव त्याला लाभले, तिच्यावरील धरणाचे पाणी हे शहर पिते. पावसाळ्यात जलाशय भरला म्हणजे धरणाचे दरवाजे उघडून पाणी बेताने सोडतात. सारेच अडवू पाहिले तर धरणालाच धोका! संयमही असाच असतो. संयम म्हणजे मन कोंडणे नव्हे. योग्य वेळी, योग्य मापाने त्याला वाट देणे होय.

मात्र मुलाचे हे धरण अद्याप बांधून व्हावयाचे असते. मेंदूचा आवर घालणारा भाग पंचविशीच्या सुमारास परिपक्व होतो. भावना त्यापूर्वीच उसळू लागतात. तोवर आधार आपणच द्यावयाचा.

तो कसा द्यावा? अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाचा एक प्रयोग 2013 साली प्रसिद्ध झाला. 28 लहान मुलांपैकी निम्म्यांना दिलेले वचन मोठ्यांनी पाळले, निम्म्यांचे मोडले. नंतर ‘थांबलात तर दुप्पट खाऊ’ असे सांगितले. पहिली मुले सरासरी 12 मिनिटे थांबली, दुसरी केवळ 3! ज्याला मोठ्यांच्या शब्दाचा भरवसा नाही, त्याने थांबावे तरी कशासाठी?

मुले लहान होती खरी. परंतु बोध आपणांसही लागू आहे. ‘परीक्षेनंतर सायकल घेऊ’ म्हटले असेल तर घ्या. जमत नसेल तर कारण मोकळेपणाने सांगा. मोबाईलची वेळ मुलाशी बोलून ठरवा, आणि जेवताना आपलाही मोबाईल त्याच्या शेजारी फळीवर ठेवा. खर्चाचे थोडे पैसे महिन्याच्या आरंभी त्याच्या हाती द्या. आठवड्यात उडवले तर पुन्हा देऊ नका, टोमणेही मारू नका. भांडण झाले तर त्या क्षणी न्यायनिवाडा नको. दोघांचा राग निवळल्यावर बोला.

आणि पुढल्या खेपेस त्याने दार आपटले, तर उत्तर देण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे. तो ऐको वा न ऐको, पाहत मात्र असतो.