सुटीतले आठ दिवस

एप्रिल उजाडला की शिबिरांची पत्रके घरोघरी येतात. काही घरी चर्चच्या सुटीतील शाळेचेही बोलावणे येते. ‘मुलांना पाठवावे का?’ असे पालक आम्हांस विचारतात, तेव्हा बहुधा प्रश्न धर्माचा असतो. आम्हांस वाटते, ही शिबिरे मुलांवर छाप पाडतात ती कशामुळे, ते आधी पाहावे.

ही पद्धत जुनी आहे. १८८५ साली अमेरिकेत वायएमसीएचे समनर डडली यांनी सात मुलांना तळ्याकाठी तंबूत राहायला नेले. ते शिबिर आजही भरते. १८९८ मध्ये न्यूयॉर्कला एलायझा हॉज यांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी सुटीतील बायबल शाळा काढली. महाराष्ट्रातील चर्चमध्येही अशा शाळा भरतात. गाणी, गोष्टी, हस्तकाम, नाटुकली. आणि मोठी मुले धाकट्यांचे गट सांभाळतात. घरी पाण्याचा पेला न उचलणारा मुलगा तिथे पंगत वाढतो. शिवाय गाणी मराठीत! ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग सोडला नाही. त्यांची पदे मराठी चर्चमध्ये आजही म्हटली जातात. आपल्या लष्करातील मुलांना मराठी समजते, उत्तर मात्र हिंदीत येते. (खोटे वाटत असेल त्यांनी मधल्या सुटीत शाळेत यावे.)

एक गोष्ट मात्र आम्हांस पटत नाही. काही शिबिरांत शेवटच्या रात्री, जागरणाने थकलेल्या, शेकोटीभोवती गहिवरलेल्या तेरा वर्षांच्या मुलाकडून जन्मभराचा निर्णय मागतात. ‘हो’ म्हणणारे मूल खोटे बोलत नसते, पण ‘नाही’ म्हणायला त्याला जागाच नसते. पुढे कोणी तो निर्णय निभावतो, कोणी विसरतो, कोणी मनातल्या मनात कुढतो. आपल्याकडच्या संस्कार वर्गांतही समारोपाला शपथा देववतात, त्या याहून फार वेगळ्या नाहीत. मान्यताप्राप्त शाळेत अज्ञान मुलाला पालकांच्या संमतीवाचून धर्मशिक्षणास बसवता येत नाही, असे राज्यघटनेचे २८ वे कलम सांगते. सुटीतल्या शिबिरात तेवढी चौकशी पालकांनीच करायची.

विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे. मे महिन्यातील आपल्या वर्गात समारोपाची शपथ नको. धाकट्यांचे गट नववीच्या मुलामुलींकडे द्यावेत, आणि रोज कोणती मराठी गाणी म्हणायची ते ठरवायला संगीताच्या बाईंबरोबर त्यांच्यातल्याच दोघांना बसवावे.