फाटकापासून वॉर्डापर्यंतचा उशीर

मोठ्या रुग्णालयाच्या फाटकावर सकाळी रुग्णांच्या आणि नातेवाइकांच्या गर्दीत पाठीला चौकोनी पेटी अडकवलेले दुचाकीस्वार हमखास दिसतात. कोणाच्या पेटीत तपासणीसाठीच्या रक्ताच्या नळ्या असतात, कोणाच्या पेटीत प्लेटलेट्स, तर कोणाकडे शस्त्रक्रियेसाठी लागणारे इम्प्लांट. वाहतूककोंडीतून वाट काढत ही मंडळी फाटकापर्यंत बहुधा वेळेत पोहोचतात. उशीर होतो तो त्यापुढे. गाडी कुठे लावायची, कोणती इमारत, कितवा मजला आणि सही कोण करणार, या चार प्रश्नांत अर्धा तास सहज जातो.

घरी मागवलेले पुस्तक अर्धा तास उशिरा आले तर बिघडत नाही. रक्ताचे तसे नसते. नळीत काढून ठेवलेल्या रक्तातील पेशी जिवंत असतात आणि त्या साखर वापरत राहतात. पेशी वेगळ्या केल्या नाहीत, तर साध्या नळीतील साखर खोलीच्या तापमानाला तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटते. म्हणजे १०० असलेली साखर दोन तासांनी नव्वदीच्या आसपास दिसू शकते. प्रयोगशाळेचे यंत्र अचूक असते, पण चुकीच्या नमुन्याचे ते अचूक उत्तर देते.

यावर ‘बर्फात ठेवा की’ असे सांगणारे भेटतात. पण प्रत्येक वस्तूची तऱ्हा वेगळी. पेशी वेगळ्या न केलेले रक्त थंड ठेवले, तर पेशींतील पोटॅशियम बाहेर झिरपते आणि अहवालात ते खोटेच वाढलेले दिसते. तांबड्या पेशींची पिशवी २ ते ६ अंश सेल्सिअसला साठवतात, तर प्लेटलेट्स २० ते २४ अंशांना, सतत हलत्या ठेवून. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट्सची पिशवी नेणाऱ्या धास्तावलेल्या नातेवाइकाने काळजीपोटी ती बर्फात ठेवली, तर ती वाया जाऊ शकते. बऱ्याच लसी गोठल्या की निकामी होतात.

वेळेचे गणित सर्वांत स्पष्ट दिसते ते पीईटी स्कॅनमध्ये. त्यासाठी लागणारे फ्लोरिन-१८ हे किरणोत्सारी द्रव्य सायक्लोट्रॉनमध्ये तयार होते. देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ मध्ये सुरू झाला. या द्रव्याचे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे. शिशाच्या डब्यात बंद करून आणलेले हे द्रव्य दाराशी ३० मिनिटे अडकले, तर त्यातील सुमारे १७ टक्के किरणोत्सार संपलेला असतो. आत कर्करोगाचा रुग्ण उपाशीपोटी वाट पाहत असतो. द्रव्य कमी पडले, तर यादीतील शेवटच्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी राहून यावे लागते.

हा दोष कोणा एका पहारेकऱ्याचा किंवा कुरिअरवाल्याचा नाही. मुंबईचे जे. जे. रुग्णालय १८४५ चे, पुण्याचे ससून १८६७ चे, केईएम १९२६ चे. अशा रुग्णालयांच्या आराखड्यात रोज शेकडो पेट्या घेऊन येणाऱ्यांचा विचार असणे शक्यच नव्हते. पुढे गरजेप्रमाणे इमारती जोडल्या गेल्या आणि नवख्या माणसाला चकवा लागावा अशी आवारे तयार झाली. त्यात पेटी आणणाऱ्याला बहुधा फेरीमागे पैसे मिळतात. दाराशी गेलेला अर्धा तास त्याच्या खिशातून जातो. साहजिकच तो समोर दिसेल त्या टेबलावर पेटी ठेवून पुढच्या फेरीला निघतो. पेटी पोहोचल्याची नोंद होते. ती योग्य हातात पडलेली नसते.

उपाय महागडे नाहीत. प्रत्येक मोठ्या रुग्णालयाने फाटकाजवळ चोवीस तास चालणारी एकच स्वीकार खिडकी ठेवावी. शेजारी चार-पाच दुचाकींपुरती जागा राखावी. खिडकीत एक शीतकपाट, एक प्लेटलेट्स हलवत ठेवणारे यंत्र आणि वेळ व तापमान नोंदवणारी वही असावी. तेथून पुढे पेटी नेण्याचे काम इमारत ठाऊक असलेल्या रुग्णालयाच्याच कर्मचाऱ्याने करावे. किरणोत्सारी द्रव्ये मात्र या खिडकीत थांबू नयेत. ती परवानगी असलेल्या विभागातच थेट जावीत आणि गाडी निघतानाच दाराला तशी पूर्वसूचना मिळावी.

दुसरी सुधारणा पत्त्याची. मुंबईचा डबेवाला डब्यावरच्या छोट्याशा खुणेवरून स्थानक, इमारत आणि मजला ओळखतो. लाखमोलाच्या औषधाच्या पेटीवर मात्र कित्येकदा रुग्णालयाचे नाव आणि डॉक्टरांचे आडनाव एवढेच असते. इमारत, मजला, विभाग, तेथील दूरध्वनी, तापमान आणि ‘किती वाजेपर्यंत’ या सहा गोष्टी लिहिल्याशिवाय पेटी निघूच नये.

मनुष्यबळ आधीच अपुरे आहे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो खरा आहे. पण आजही हे काम होतेच. फक्त ते विखुरलेले आहे. परिचारिका रुग्ण सोडून पेटी शोधायला जिने उतरते आणि नातेवाईक पिशवी घेऊन रक्तपेढी ते वॉर्ड धावतो. नातेवाइकाचा वेळ फुकट धरल्यामुळे तो हिशेबात येत नाही, एवढेच. सुरक्षेचा मुद्दाही रास्त आहे. अनोळखी माणसांनी वॉर्डावॉर्डांत फिरू नये हेच योग्य आणि नेमके त्यासाठीच फाटकाजवळची खिडकी हवी. काही नव्या रुग्णालयांत हवेच्या दाबावर चालणाऱ्या नळ्यांतून नमुने मजल्यामजल्यांवर जातात. जुन्या इमारतींत ती सोय करणे अवघड आणि खर्चिक आहे. खिडकीसाठी मात्र एक खोली पुरे.

सुरुवात मोजण्यापासून करता येईल. पेटी फाटकावर किती वाजता आली आणि विभागात किती वाजता पोहोचली, या दोन वेळा महिनाभर लिहून काढाव्यात. रुग्णवाहिका किती मिनिटांत आली हे आपण विचारतो. तिच्यातून उतरलेल्या रुग्णासाठी मागवलेले रक्त दारातून खाटेपर्यंत किती मिनिटांत गेले, हेही विचारले पाहिजे. रुग्णाच्या दृष्टीने फाटकावर थांबलेले रक्त अजून पोहोचलेलेच नसते.