मुंबईत हॉटेल घ्या, आणि पूर्ण नावाने घ्या



मागच्या महिन्यात विहारातली बैठक संपल्यावर एका शिक्षक मित्राने विचारले, "मे महिन्यात बायकामुलांना मुंबई दाखवायची आहे. हॉटेल कुठे घ्यावे?" उत्तर एका जुन्या कार्यकर्त्याने दिले. "विहाराच्या छताला पैसे निघत नाहीत, आणि यांना हॉटेल पाहिजे! चेंबूरला चुलतभाऊ आहे ना, तिथे उतर." सगळे हसले. मित्र गप्प बसला. ते हसणे मला खटकले, म्हणून हा लेख.

आपली मुंबई म्हणजे सहा डिसेंबर. जनरल डब्यात उभे राहून यायचे, शिवाजी पार्कवर रात्र काढायची, रांगेत तासन्‌तास उभे राहून चैत्यभूमीवर डोके टेकवायचे, पिशवीभर पुस्तके घ्यायची आणि परतीची गाडी धरायची. त्या गर्दीचा मला अभिमान आहे. पण वीस-वीस वर्षे न चुकता दादरला येणाऱ्या कितीतरी आयाबहिणींनी गेटवे पाहिलेला नाही. आपल्या मुलांनी समुद्र पाहिला, तो रांगेतून. चार दिवस केवळ आनंदासाठी एखाद्या शहरात जावे, स्वच्छ चादरीवर झोपावे, सकाळी कुणीतरी चहा आणून द्यावा, हे आपल्या माणसाने केले की ती चैन आणि दुसऱ्याने केले की ती सुट्टी, हा हिशेब कुणी शिकवला आपल्याला? विसावा हिस्सा समाजाला द्या, तो दिलाच पाहिजे. उरलेल्या एकोणीस हिश्शांचा जाब बैठकीत विचारायचा नसतो.

आता चेंबूरचा चुलतभाऊ. तीन पिढ्या आपल्या माणसांनी दहा बाय बाराच्या खोल्यांत गावच्या माणसांना आसरा दिला. कुणी नोकरीसाठी आले, कुणी दवाखान्यासाठी, कुणी मोर्चासाठी. ते उपकार फिटणारे नाहीत. पण सुट्टीसाठी पाच जणांनी तिथे उतरायचे म्हणजे काय, ते त्या घरातल्या वहिनीला विचारा. पहाटे पाण्याची वेळ धरायची, दहा माणसांच्या भाकरी थापायच्या आणि मग कामावर जायचे. शिवाय पाहुणी आलेली बाईही तिथे सुट्टीवर नसतेच, तीसुद्धा चुलीपुढेच बसते. स्त्रीमुक्तीवर भाषणे करणाऱ्या आपल्या भावांनी एवढे तरी बघावे. वहिनीला एका संध्याकाळी भेटायला जा, मिठाई घेऊन जा, आणि झोपायला हॉटेलवर या.

पण खरी अडचण पैशांची नाही. दोन-तीन हजारांची खोली आज आपल्यातल्या नोकरदाराला परवडते. अडचण काउंटरवर नाव सांगण्याची आहे. मी स्वतः हे केले आहे. पहिल्यांदा कुटुंबासाठी हॉटेल घेतले, तेव्हा फोनवर माझे नाव आणि वडिलांचे नाव एवढेच सांगितले. आडनाव गिळले. तिथे पोहोचल्यावर आधार कार्ड द्यावेच लागले, मॅनेजरने पूर्ण नाव रजिस्टरमध्ये उतरवले, किल्ली दिली आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. काहीही घडले नाही. खोलीत गेल्यावर मुलगी म्हणाली, "पप्पा, फोनवर आपले आडनाव का नाही सांगितले?" मला उत्तर देता आले नाही.

१९१७ मध्ये कोलंबियात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर हजर व्हायला गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा नव्हती. हिंदू हॉटेल घेणार नाही हे माहीत होते. पारशी सराईत त्यांना पारशी नाव धारण करून राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढले. त्यांनी कमाटी बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे सगळे लिहून ठेवले आहे. ज्याने वाचले नसेल त्याने सुट्टीला निघण्याआधी वाचावे.

पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे यांच्या बरोबरीने 'हॉटेल' हा शब्द आला. हा अनुच्छेद फक्त सरकारला बांधत नाही, खासगी हॉटेलमालकालाही बांधतो. २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत 'दुकान' म्हणजे काय असे विचारले गेले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याचा अर्थ मुद्दाम रुंद ठेवला: जो कुणी लोकांना सेवा देऊ करतो तो त्यात आला. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ ने अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेलात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरवला, तिथली भांडी वापरू न देणे हासुद्धा. त्यांना खोटे नाव घ्यावे लागले, कारण तेव्हा यातले काहीच नव्हते. आपल्याकडे हे सगळे आहे, तरी आपण आडनाव गिळतो.

मुंबईत आज हॉटेलवाला उघडपणे जात विचारतो असे मी म्हणणार नाही. भाड्याच्या घरासाठी विचारतात, आडवळणाने विचारतात. हॉटेलात रोकडा बोलतो. पण कुठे खोली आहे असे सांगून नाव ऐकल्यावर 'फुल्ल' झाली, तर वाद घालत बसू नका. बुकिंगची पावती, वेळ, बोलणाऱ्याचे नाव जपून ठेवा, कारण लेखी मागा आणि पोलीस ठाणे गाठा.

तर माझ्या मित्राला उत्तर. दादरला उतर. मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वे तिथे मिळतात, म्हणजे मुलांना घेऊन टॅक्सीत पैसे घालवायला नकोत. चैत्यभूमी पश्चिमेला, राजगृह पूर्वेला हिंदू कॉलनीत, दोन्ही चालत. परळची बीआयटी चाळ पुढच्याच स्टेशनला; बाबासाहेबांचा संसार केवढ्या जागेत चालला ते मुलांना दाखव. फोर्टात सिद्धार्थ कॉलेज, तिथून गेटवे जवळच. एक पूर्ण दिवस कान्हेरीसाठी ठेव. बोरिवलीला उतरून राष्ट्रीय उद्यानातून वर गेले की शंभरावर बौद्ध लेणी आहेत. भिक्खूंचे दगडी ओटे आणि पाण्याची टाकी मुलांना चैत्यगृहापेक्षा जास्त आवडतात, असा माझा अनुभव आहे.

खोली घेताना जादा गादीचे पैसे किती, भाड्यात कर धरला आहे का आणि चोवीस तास हिशेब आहे की दुपारी बारालाच खोली सोडायची, हे आधी विचार. फोटोवर जाऊ नकोस. शक्य असेल तर आधी एक रात्रच घे, खोली पाहून पुढचे ठरव. साफसफाई करणाऱ्या माणसाचे नाव विचार, निघताना त्याच्या हातात काही ठेव. तो बहुधा आपलाच कुणीतरी असतो. बुकिंग करताना आडनावासकट पूर्ण नाव दे. आणि सोमवार टाळून कान्हेरीचा दिवस ठरव, त्या दिवशी उद्यान बंद असते.