‘नव’ किती दिवस नवा?

कांहीं शब्द दिसण्यांत निरुपद्रवी असतात, पण ते एकदां चिकटले कीं माणसाची पाठ सोडीत नाहींत. ‘नवबौद्ध’ हा शब्द अशांपैकींच होय. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास डॉ. आंबेडकरांनीं लक्षावधि अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्या दिवशींच्या दीक्षितांचीं नातवंडें-पणतवंडें आज शाळा-महाविद्यालयांत शिकत आहेत. परंतु आपण सुशिक्षित म्हणविणारे लोक त्यांसहि ‘नवबौद्ध’च म्हणतों. जो जन्मापासून बौद्ध, तो नवा कसा?

कोणी म्हणेल, धर्मांतर केलेल्यांस ओळखण्याची ही साधी खूण आहे. तसें असतें तर ती सर्वांस सारखीच लागली असती. गोव्यांत सारस्वत ब्राह्मण कुळांत जन्मलेले धर्मानंद कोसंबी १९०२ सालीं सिंहलद्वीपांत भिक्षु झाले; त्यांस आपण ‘बौद्ध पंडित’ म्हणतों. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. त्यांस कोणी ‘नवख्रिस्ती कवि’ म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. तेव्हां हा ‘नव’ वर्षें मोजण्यासाठीं नसून जात सांगण्यासाठीं आहे. जुनें नांव उच्चारण्याचा संकोच वाटूं लागला, म्हणून तेंच आपण नव्या वेष्टनांत जपून ठेविलें आहे.

दुसरा आक्षेप सवलतींचा. सरकारी योजनांत ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ असें लिहितात, व हक्कदार ओळखण्यास तो शब्द हवाच, असें सांगण्यांत येतें. परंतु १९९० सालीं संसदेनें अनुसूचित जातींविषयींच्या आदेशांत दुरुस्ती केली, तेव्हां हिंदु व शीख यांच्या पंक्तीस केवळ ‘बौद्ध’ हाच शब्द बसविला. ज्या शब्दावांचून कायद्याचें अडलें नाहीं, त्यावांचून आपलें कां अडावें?

बाबासाहेबांच्या मार्गास ‘नवयान’ म्हणतात, हें आम्हांस ठाऊक आहे. पण तें विचाराचें विशेषण झालें. तें माणसाच्या कपाळीं चिकटविण्याचें कारण नाहीं. २०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्रांतील सुमारें ६५ लक्ष लोकांची नोंद ‘बौद्ध’ अशीच झाली आहे.

आपला धर्म कोणता, हें ज्याचें त्यानें सांगावें व शेजाऱ्यानें तें मानावें, ही साधी सभ्यता आहे. यापुढें कोणी ‘आम्ही बौद्ध’ असें सांगितलें असतां, ‘म्हणजे नवबौद्ध ना?’ हा प्रश्न जिभेवर येण्यापूर्वीं, तो आपण कशासाठीं विचारीत आहों, हें वाचकांनीं आधीं स्वतःच्या मनास विचारावें.