‘जमेल’ हा विश्वास हातातून येतो



अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी मुलींच्या शाळेत प्रयोग करून घेणे म्हणजे अभ्यासाचा वेळ घालवणे, हे एका वाचकाचे मत पटले नाही. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना राज्य सरकारने २०२४-२५ पासून व्यावसायिक पदवीचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. पैशाची अडचण कमी झाली. पण ‘हे मला जमेल’ हा विश्वास शासननिर्णयाने येत नाही, तो पाना हातात घेतल्यावर येतो. आपल्याच जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमाने १९८३ पासून काम करत शिकण्याची वाट दाखवली आहे. भवानीनगरला तर साखर कारखाना, नीरा डावा कालवा आणि शेतातले ठिबकचे संच हीच उघडी प्रयोगशाळा आहे.

अभियांत्रिकीचे हे विद्यार्थी प्रशिक्षित शिक्षक नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच विज्ञानाच्या शिक्षिका सोबत असाव्यात, प्रयोग पाठ्यपुस्तकाशी जोडलेले असावेत आणि उपक्रम एका दिवसात न आटोपता वर्षभर चालावा. बारामती, इंदापूरची अभियांत्रिकी महाविद्यालये जवळच आहेत. पंप खोलून दाखवणारी ताई आपल्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी आहे, हे पाहिलेल्या नववीतल्या मुलीला अभियांत्रिकीची वाट परकी वाटणार नाही.

– एक वाचक, भवानीनगर (ता. इंदापूर)