सूत्राच्या आधी फल

अकरावीच्या वर्गात ‘फल’ हे प्रकरण सुरू झाले की बहुतेक ठिकाणी फळ्यावर पहिल्यांदा येतात ते दोन संच. पहिल्या संचातल्या प्रत्येक घटकाशी दुसऱ्या संचातला एक आणि एकच घटक जोडणारा संबंध म्हणजे फल. व्याख्या बिनचूक आहे. मुले ती पाठ करतात, लिहितात, गुणही मिळवतात. मग त्यांनाच विचारा, ‘एफ ऑफ एक्स बरोबर ५’ हे फल आहे का? बरेच जण नाही म्हणतील, कारण त्यात एक्स दिसतच नाही. मध्येच तुटलेला आलेख दाखवा, उत्तर येईल, ‘सर, ही दोन फले आहेत.’ श्लोमो व्हिनर आणि टॉमी ड्रेफस यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या इस्रायलमधल्या अभ्यासात हेच दिसले होते. व्याख्या बरोबर सांगणारे कॉलेजचे विद्यार्थी, आणि काही शिक्षकसुद्धा, समोरचे उदाहरण फल आहे की नाही हे ठरवताना त्या व्याख्येकडे वळतच नव्हते. मनात बसलेले चित्र वेगळेच होते: फल म्हणजे सूत्र, आणि सूत्राचा एक सलग आलेख.

या चित्रासाठी मुलांना दोष देता येणार नाही. योहान बर्नोलीने १७१८ मध्ये आणि ऑयलरने १७४८ मध्ये फलाची व्याख्या केली ती सूत्राच्याच भाषेत: चल आणि स्थिर राशींपासून बनवलेली पदावली. पण त्याच सुमारास ताणलेल्या तारेच्या कंपनांवरून द’आलाँबेर आणि ऑयलर यांच्यात वाद पेटला. बोटाने मधोमध ओढून धरलेल्या तारेला एक कोपरा असतो. त्या आकाराला एकच पदावली कुठून आणायची? १७५५ साली ऑयलरनेच व्याख्या सैल केली: एक राशी बदलली की तिच्यावर अवलंबून असलेली दुसरीही बदलते, तेव्हा दुसरी पहिलीचे फल. पुढे उष्णतेच्या प्रवाहावर काम करताना फूरिएने तुटक आलेखही त्रिकोणमितीय श्रेणींत मांडून दाखवले. डिरिक्लेने १८२९ मध्ये, परिमेय संख्येला एक किंमत आणि अपरिमेय संख्येला दुसरी, असे फल पुढे ठेवले. त्याचा आलेख काढून दाखवणे कोणालाच शक्य नाही. क्रमित जोड्यांची व्याख्या येते ती या सगळ्यानंतर. शंभर-दीडशे वर्षांच्या भांडणातून निघालेले उत्तर आपण पहिल्याच तासाला देतो, तेही प्रश्न न सांगता.

आमचे म्हणणे साधे आहे. पहिले दोन-तीन तास सूत्राला आणि संचांना हात लावू नये. अवलंबनापासून सुरुवात करावी, आणि उदाहरण असे घ्यावे की ज्याच्याशी मुलांना भांडता येईल.

रिक्षाचा मीटर घ्या. मुंबईत पहिल्या दीड किलोमीटरला किमान भाडे असते, त्यापुढे मीटर टप्प्याटप्प्याने वाढतो. आडव्या अक्षावर अंतर, उभ्या अक्षावर भाडे घेऊन मुलांना आलेख काढू द्या. सुरुवातीला सपाट रेघ, मग पायऱ्या. सपाट रेघेवर एक्स बदलतो आणि किंमत बदलत नाही, तरी प्रत्येक अंतराला एकच भाडे आहे. स्थिर फलाची शंका इथेच मिटते. मग उलटा प्रश्न टाका: प्रवाशाने किमान भाडे दिले, तर तो किती अंतर गेला? सांगता येत नाही. व्यस्त फल कधी मिळते आणि कधी मिळत नाही, याची चर्चा आपोआप सुरू होते. एखादी मुलगी नक्की म्हणेल, ‘पण सर, सिग्नलला थांबलो की मीटर पडतोच ना?’ ती म्हणते ते खरे आहे. तेवढ्याच अंतराला काल एक भाडे झाले, आज दुसरे. म्हणजे भाडे हे केवळ अंतराचे फल राहिले नाही; अंतर आणि थांबलेला वेळ या दोन्हींचे झाले. ‘एक आणि एकच’ या शब्दांना वजन येते ते या क्षणी. उभ्या रेषेची कसोटी त्यानंतर शिकवली तर ती नुसती पट्टी सरकवण्याची कसरत उरत नाही.

पिठाच्या गिरणीचे चित्र अनेक शिक्षक काढतात: वरून एक्स घाला, खालून वाय घ्या. त्याने नोटेशन समजते, एफ आणि एक्स यांचा गुणाकार करण्याची सवय सुटते. मात्र गिरणीच्या आत काहीतरी ‘चालते’ असे मुलांना वाटत राहते. कोष्टकाच्या आत काहीच चालत नाही, तरी ते फल असते. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये २२५ कलांच्या अंतराने चोवीस अर्धज्यांचे फरक दिले. साइनचे फल भारतात वापरात आले ते असे, कोष्टकाच्या रूपात.

सूत्राकडे वळायचे तेव्हा सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचा नियम वर्गात न्यावा. कोन अंशांत घ्या, त्याला १८० वजा कोनाने गुणा. या गुणाकाराची चौपट अंशस्थानी, आणि ४०,५०० मधून तोच गुणाकार वजा करून छेदस्थानी. ३० अंशांना नेमके अर्धा येते, ९० ला नेमके १. ४५ ला ०.७०५९ येते, खरी किंमत ०.७०७१. आकडे मुलांनी स्वतः काढावेत. इतक्या साध्या अपूर्णांकातून साइन निघते हे पाहताना होणारा आनंद आपण त्यांच्याकडून हिरावून घेऊ नये. मग त्यांना २७० अंश घालायला सांगा. उत्तर येईल उणे दीड. साइन उणे एकच्या खाली जात नाही, हे त्यांना ठाऊक असते. हिशेब पुन्हा तपासतील, तेच येईल. मग वर्गातूनच प्रश्न येईल की हा नियम कुठून कुठपर्यंत चालतो. शून्य ते १८० अंश हा त्याचा प्रांत, ज्याला वर्गात आपण डोमेनच म्हणतो, तो फळ्यावर लिहायची वेळ ती.