लंबाडाविरुद्धची फिर्याद

भाद्रपद जवळ येऊ लागला, की परळ, लालबाग, भोईवाडा या गिरणगावच्या वस्त्यांच्या अभिरुचीची चिंता वाहणाऱ्या सद्गृहस्थांची लेखणी दरसाल नेमाने सरसावते, आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत वाजणाऱ्या बेंजो पार्ट्यांवर जी फिर्याद दाखल होते तिचा मजकूर इतक्या वर्षांत काडीमात्र बदललेला नाही: मंगलमूर्तीपुढे युरोपातील नाचगृहांच्या चाली वाजतात, त्या चाली मुळात चोरीच्या असतात, आणि त्यांवर अंग घुसळणारी तरुण पिढी आपल्या परंपरेला कायमची मुकली आहे. या फिर्यादीच्या तपासणीसाठी मी 'लंबाडा' हेच गीत पुढे घेतो, कारण फिर्यादी पक्षाला याहून सोयीचे आणि त्याच वेळी याहून घातक असे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

१९८९ च्या उन्हाळ्यात काओमा नावाच्या, फ्रान्समध्ये नव्याने जुळवलेल्या वाद्यवृंदाने हे गीत बाजारात आणले. ब्राझीलच्या लोआल्वा ब्राझ हिने ते पोर्तुगीज भाषेत गायिले होते; एका दूरचित्रवाणी कंपनीने आणि शीतपेय विकणाऱ्या एका पेढीने त्याच्या प्रसिद्धीचा जणू मक्ताच घेतला होता; आणि पाहता पाहता पॅरिसपासून ॲथेन्सपर्यंत त्या उन्हाळ्यात दुसरे काही ऐकू येईनासे झाले. ज्या नृत्याचे नाव गीताला मिळाले त्या नृत्यातील शरीरसान्निध्याबद्दल तिकडच्या सोवळ्या मंडळींनीही नाके मुरडलीच. तेव्हा नाक मुरडण्याच्या बाबतीत पूर्व आणि पश्चिम यांत फारसा भेद नाही, एवढे समाधान आपल्या सद्गृहस्थांनी खुशाल मानावे. पुढच्याच वर्षी, २२ जून १९९० रोजी, 'घायल' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्यातील एका गाण्याच्या रूपाने तीच चाल, हिंदी शब्दांचा अंगरखा घालून, मुंबईत उतरली. त्या भाद्रपदात भोईवाड्याच्या नाक्यावर बेंजोच्या पट्ट्यांवरून ती चाल सुटली, म्हणजे संपाने कंबर मोडलेल्या कुटुंबांतील पोरेही चार घटका सगळे विसरून नाचत असत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरण्यांच्या त्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले होते, आणि १९९० पर्यंत कित्येक घरांतील गिरणीची भाकरी संपून गेली होती, हे येथे सांगितले पाहिजे. कारण त्या नाचाचा विचार करताना ही गोष्ट बहुतेक टीकाकार वगळतात.

आता पहिला आरोप: चाल परदेशी आहे. चाल परदेशी आहे हे मान्यच. पण ज्या वाद्यावर ती वाजली ते तरी कोठले? ज्याला आपण अत्यंत आत्मीयतेने बेंजो म्हणतो आणि ज्याच्यावाचून लालबाग-परळची मिरवणूक आपल्याला मुकी वाटते, ते वाद्य म्हणजे जपानमधील नागोया शहरात १९१२ च्या सुमारास गोरो मोरिता या गृहस्थाने टंकलेखनयंत्राच्या बटनांवरून कल्पना घेऊन बनवलेल्या तंतुवाद्याचाच अवतार होय. हिंदुस्थानात ते बुलबुलतरंग झाले, मुंबईत त्याला विजेची जोड मिळाली, आणि ताशा-ढोलकीच्या संगतीत ते असे मुरले, की आज त्याच्यावर परकेपणाचा आळ घेणारा मनुष्यच परका ठरेल. एवढ्यानेही ज्यांचे समाधान होणार नाही त्यांनी पेटीचा इतिहास आठवावा. पॅरिसमध्ये १८४० च्या सुमारास जन्मलेले हे हार्मोनियम येथे येऊन भजनाच्या सतरंजीवर बसले, नाट्यगृहात शिरले, गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंतांच्या बोटांखाली त्याला प्रतिष्ठा लाभली; आणि तरीही १९४० मध्ये नभोवाणीने त्याला परकीय, बेसूर, हिंदुस्थानी श्रुतींना अपात्र असे ठरवून हद्दपार केले. सुमारे तीन दशके हा हुकूम अमलात होता. त्या तीन दशकांत महाराष्ट्रातील एकाही भजनी मंडळाने पेटी अडगळीत टाकल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

अभिरुचीचे रक्षण फर्मानाने करू पाहणाऱ्यांचा दुसरा दाखला आपल्याच घरचा आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात नभोवाणी खात्याचे मंत्री होते. शास्त्रोक्त संगीतावरील त्यांची निष्ठा निस्संशय निर्मळ होती, आणि त्या संगीताला त्यांनी दिलेला आश्रय विसरणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु चित्रपटगीतांतील पाश्चात्त्य वळणाचा त्यांना जो तिटकारा होता त्यापायी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली, तेव्हा श्रोत्यांनी शास्त्रोक्त संगीताकडे धाव घेण्याऐवजी रेडिओची कळ फिरवून सिलोन गाठले. अखेर ऑक्टोबर १९५७ मध्ये सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. बंदीचा परिणाम इतकाच झाला, की काही वर्षे मुंबईची गाणी मुंबईकरांना कोलंबोहून ऐकावी लागली!

आणि जे नाचणे आज टीकाकारांना लंबाडाच्या संसर्गाने बिघडलेले दिसते, ते नाचणे तरी केव्हा निर्भेळ होते? एका गिरणी कामगाराचा मुलगा, भगवान पालव, ज्याला सारा देश भगवानदादा म्हणून ओळखतो, त्याने १९५१ च्या 'अलबेला'त सी. रामचंद्रांच्या बाँगो, सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट यांनी भरलेल्या संगीतावर जी पावले टाकली, तीच खांदे उडवीत, हात हलवीत, किंचित पुढे झुकत टाकलेली पावले आजही विसर्जनाच्या प्रत्येक मिरवणुकीत पाहावयास मिळतात. पुणतांब्यात जन्मलेल्या संगीतकाराने दूरदेशीचे ताल घ्यावेत, दादर-परळच्या वातावरणात वाढलेल्या नटाने ते देहात मुरवावेत, आणि गिरणगावाने ते वारसा म्हणून जपावेत, यात परंपरेचा विध्वंस मला तरी कोठे दिसत नाही.

फिर्यादीतील जो भाग सर्वांत सबळ आहे त्याचा उच्चार मात्र टीकाकार अगदी ओझरता करतात, आणि तोही चुकीच्या कलमाखाली. भोईवाड्याच्या आसपास के.ई.एम., वाडिया आणि टाटा ही रुग्णालये हाकेच्या अंतरावर उभी आहेत. अलीकडच्या ध्वनिवर्धकांच्या भिंतींनी खिडक्यांची तावदाने थरथरतात तेव्हा आत शस्त्रक्रियेनंतर पडलेल्या रुग्णाला काय यातना होत असतील, याचा विचार न करणारा मनुष्य निर्दय होय. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयाभोवतीच्या शंभर मीटरांना शांतता क्षेत्र म्हटले ते योग्यच केले. परंतु हा गुन्हा आवाजाचा आहे. त्याच भिंतीतून, त्याच पट्टीत, तुकोबांचा अभंग सोडला तरी रुग्णाची यातना तसूभर कमी होणार नाही. आणि अभंगाला जी सवलत द्यावयाची नाही ती लंबाडालाही देऊ नये, इतकेच न्यायाने म्हणता येते.

या फिर्यादीला जोडूनच येणाऱ्या उथळपणाच्या आरोपाविषयी थोडक्यात आटोपतो. शतक सरता सरता लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात एक नाचगृह निघाले आणि तेथे युरोपातील हीच जात, हाच ठेका, प्रवेशमूल्य मोजणाऱ्यांसाठी रात्री उशिरापर्यंत वाजू लागला. तेव्हा वृत्तपत्रांच्या पुरवण्यांनी त्याला शहराचे आधुनिकत्व म्हटले. गिरणीच्या भिंतीआड जी अभिरुची आधुनिक ठरते ती भिंतीबाहेरच्या रस्त्यावर, त्याच गिरणीतून बाहेर पडलेल्यांच्या मुलांनी फुकट भोगली म्हणजे उथळ कशी होते, याचा उलगडा मला अद्याप कोणी केलेला नाही.

उरला चोरीचा आरोप. येथे मात्र मी फिर्यादी पक्षाच्या बाजूने उभा राहतो. फक्त आरोपी बदलतो. लंबाडाची चाल फ्रान्सची नव्हती. बोलिव्हियातील कोचाबांबा शहराच्या लोस क्यार्कास या मंडळींनी ती १९८१ मध्ये ध्वनिमुद्रित केली होती. उलिसेस आणि गोन्सालो हर्मोसा या बंधूंची ती रचना, संथ, विरहार्त, अँडीज पर्वतातील लोकवाद्यांच्या साथीने गायिलेली. पेरूमधील वादकांनी तिला जलद केले, ब्राझीलमध्ये १९८६ साली मार्सिया फेरेइराने तिला पोर्तुगीज शब्द दिले. येथवर चाल प्रवास करीत होती आणि त्या प्रवासात मला काही आक्षेपार्ह आढळत नाही. आक्षेप सुरू होतो तो पॅरिसच्या दप्तरात. तेथे कर्ता म्हणून 'चिको दे ओलिव्हेरा' असे नाव नोंदले गेले, आणि हे नाव दुसऱ्या कोणाचे नसून निर्मात्यांपैकीच एकाने घेतलेले टोपणनाव होते. मूळ कुळ शेतात राबत असताना तलाठ्याच्या चावडीत कोणी परस्पर आपल्या नावाचा फेरफार मंजूर करून घ्यावा, तसा हा प्रकार. पुढे तंटा झाला, हर्मोसा बंधूंचे कर्तृत्व मान्य करावे लागले, आणि २०११ मध्ये जेनिफर लोपेझ हिने आपल्या गीतात ती चाल पुन्हा वापरली तेव्हा त्यांची नावे रीतसर छापली गेली. पण १९९० च्या आपल्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संगीतकार म्हणून केवळ बप्पी लाहिरींचे नाव होते; पॅरिसचेही नाही, कोचाबांबाचेही नाही. बप्पीदांच्या ठेक्याची जाण, त्यांचा उत्साह, साध्या माणसाला पाय थिरकवायला लावण्याची त्यांची हातोटी यांचा मी चाहता आहे. आणि चाहता आहे म्हणूनच हे मौन मला खुपते.

म्हणजे गुन्हा घडला तो कागदावर. भोईवाड्याचा बेंजोवाला कोणत्याही कागदावर चालीचा धनी म्हणून सही करीत नाही. धार्मिक समारंभातील वादनाला आपला कॉपीराइटचा कायदाही मुभा देतो. अंगावरचा शर्ट घामाने भिजेपर्यंत वाजवून बिदागी घेऊन घरी जाणाऱ्या त्या वादकाला चोर म्हणणे, आणि ज्यांनी ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर आपली नावे छापून घेतली त्यांना सत्कारसमारंभात शाली पांघरणे, हा न्याय उलटा आहे.

चाल घ्यावी कशी, याचा मराठीतील पायंडा तर शंभराहून अधिक वर्षांचा आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत सौभद्रा'ची, म्हणजे १८८२ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकाची, कोणतीही जुनी छापील प्रत उघडावी: पदांच्या डोक्यावर 'चाल' असे लिहून ती कोणत्या पदावरून, कोणत्या लावणीवरून वा कोणत्या कानडी गीतावरून घेतली, हे स्पष्ट नमूद केलेले आढळेल. तीच रीत कीर्तनकारांच्या वह्यांत आली, मेळ्यांच्या पदांच्या चोपड्यांत आली, आणि शक्ती-तुऱ्याच्या सामन्याला उभे राहणारे कोकणी शाहीर कोणत्या सिनेमाच्या चालीवर गवळण बांधली हे आजही बिनदिक्कत सांगतात. अण्णासाहेबांना त्या एका ओळीमुळे कमीपणा आला नाही. उलट आपल्या श्रोत्यांना ती चाल आधीच प्रिय आहे, म्हणूनच ती निवडली, हे ते उघडपणे कबूल करीत होते.

भोईवाड्यातील मंडळे वर्गणीदारांची नावे, रकमांसकट, अहवालात छापतात. त्याच अहवालाच्या एका कोपऱ्यात यंदा वाजलेल्या चालींचे मूळ कर्तेही छापावेत, आणि कोचाबांबाच्या हर्मोसा बंधूंची नावे गल्लीतल्या किराणा दुकानदाराच्या एकशे एक रुपयांच्या खाली आली तरी त्यात त्यांचा अवमान होणार नाही. सुरुवात मंडळांनी केली, तर निदान चित्रपटवाल्यांना सबब उरणार नाही.